कोल्हापुरी पोट आणि परदेशची सहल: आई-दादांना काय काय सांगून पाठवू?

सायबर चौक
नमस्कार मंडळी. आमचे आई-दादा भिशीच्या ग्रुपबरोबर दिवाळीनंतर व्हिएतनाम-कंबोडियाला निघालेत. हनोई, हालोंगची बोट, दा नांग आणि शेवटी अंकोर वाट. दादा ६७ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. आईचे फक्त गुडघे. व्हिसा, तिकिटं, इन्शुरन्स सगळं ट्रॅव्हलवाल्यानं बघितलंय. खाण्यापिण्याचा विषय काढला की मात्र दादांचं उत्तर ठरलेलं: "आयुष्यभर वरनं कट ओतून मिसळ खाल्लीय. तिथलं पाणी मला काय करतंय?"
जाऊन आलेल्यांनी आणि जाणकारांनी सांगा. लस लागते का, औषधं कुठली न्यावीत, तिथं काय खाऊ नये आणि घरची चटणी नेली तर चालते का? (आईनं दोन किलो काढून ठेवलीय.)

नाद_खुळा
भावा, लई टेन्शन घ्यायलायस. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेली माणसं आपण. कोल्हापूरकराच्या पोटात जंतू गेला तर जंतूच आजारी पडतोय. जाऊ दे की निवांत. फक्त चटणी दोनच्या जागी तीन किलो दे.

मंगळवार पेठ
नाद_खुळाला +१. आमच्या ग्रुपनं थायलंडला रोज रस्त्यावर खाल्लं, कुणाला काही झालं नाही. पुण्याच्या ग्रुपमधले दोघं हॉटेलातलंच जेवून झोपले होते.

स्टेथो
वाचत होतो. वरचे दोन प्रतिसाद बघून लिहायला बसलो. दवाखाना चालवतो, त्यामुळं सहलीहून परत आलेली मंडळी बघायला मिळतात.
तिखट पचणं वेगळं आणि जंतू पचणं वेगळं. तिखटाची सवय म्हणजे जिभेला आणि आतड्याला जळजळ कमी जाणवते, एवढंच. लाल तिखटानं ई. कोलाय मरत नाही. बहुतेक सहलींत पोट बिघडवतात ते बॅक्टेरिया, आणि त्यात ई. कोलायचीच एक जात पुढं असते. आग्नेय आशियात कॅम्पिलोबॅक्टरही बराच सापडतो. आपल्या पोटाची ओळख असते ती आपल्या गावातल्या जंतूंशी. तिथले जंतू नवीन. म्हणून तर इंग्लंडचा माणूस इथं आजारी पडतो आणि आपला माणूस तिथं.
आता खरी गोष्ट. पोटाचं पहिलं राखणदार म्हणजे जठरातलं आम्ल. खाण्याबरोबर गेलेले बरेच जंतू तिथंच मरतात. आणि "आपलं पोट दगड पचवतंय" म्हणणाऱ्या साठीच्या पुढच्या माणसांतले निम्मे तरी माझ्याकडं सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी मागायला येतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, कुठलीही घ्या, काम तेच: आम्ल कमी करणं. आम्ल कमी झालं की पोटाच्या संसर्गाचा धोका वाढतो. वर्षानुवर्षं मिसळ खाऊन दादांचं पोट तयार झालं असेल, का रोजच्या गोळीनं दरवाजा उघडा ठेवलाय, ते त्यांना विचारा. गोळी मनानं बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारा की खरंच गरज आहे का.
धारोष्ण दुधाबद्दल: गंगावेशीचा कट्टा मलाही आवडतो. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. ताप महिनोनमहिने येत-जात राहतो आणि सांधे धरतात. तुम्हाला झाला नाही ही नशिबाची गोष्ट आहे.

नाद_खुळा
डॉक्टर, गोळी मी पण घेतोय. 😅 तुम्हाला कसं कळलं?

आठवी गल्ली
डॉक्टरांचं बरोबर आहे. आणि बाहेरच कशाला बघायचं? २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती पाण्यातूनच की. तिथले लोक काय कमी तिखट खातात?
आमच्या ह्यांनाही असाच अभिमान. बालीला गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत पडून होते आणि मी एकटी मंदिर बघून आलो. रस्त्यावरचं काही खाल्लं नव्हतं, हॉटेलच्या नाश्त्यातला कापलेला पपई आणि कोमट नूडल्स.

छत्रीवाला
ताई, तुमचा नाश्ता वाचून राहवलं नाही. मी ग्रुप टूर घेऊन जायचं काम करतो, हातात छत्री धरून पुढं चालणारा तो मीच. आमच्या लोकांच्या डोक्यात हॉटेल म्हणजे स्वच्छ आणि रस्ता म्हणजे घाण असं पक्कं बसलंय. माझा अनुभव उलटा आहे.
रस्त्यावरची बाई तुमच्यासमोर कढईत टाकते, वाफ निघत असताना ताटात येतं. बफेमध्ये तोच भात दोन तास कोमट राहतो. बरं, खाण्यावर जंतू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये. गरम म्हणजे हात लावला तर चटका बसेल असं. कोमट असेल तर ते गरमही नाही आणि थंडही नाही, जंतूंसाठी एकदम बेस.
भाताबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपण भात बघितला की घेतो. शिजवलेला भात बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू विष तयार करतो. ते विष परत गरम केलं तरी जात नाही. उरलेल्या भाताचा फ्राइड राइस म्हणूनच धोक्याचा. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू.
आणि एक कडू सत्य. "आम्हाला इंडियनच जेवण पाहिजे" म्हणून ग्रुप हट्ट धरतो. मग जेवण कुठं होतं? टूरच्या बसेस लागतात त्या भारतीय रेस्टॉरंटात. चार-पाच बसचं जेवण एकदम करून ठेवलेलं असतं. पहिल्या बसला गरम मिळतं, शेवटच्या बसला नुसतं झाकलेलं. पनीरची भाजी ओळखीची दिसली म्हणून ती सुरक्षित होत नाही. मी स्वतः डाळीत चमचा घालून वाफ बघतो, नसेल तर आतनं गरम करून आणायला लावतो. तुमच्या आईंनी पण सांगावं, लाजायचं नाही.

तांबडा_पांढरा
छत्रीवाले, हे आवडलं. व्हिएतनाममध्ये नेमकं काय खावं ते पण लिहा की.

छत्रीवाला
लिहितो.
फो: उकळत्या रश्श्यात तांदळाच्या शेवया. चांगला पर्याय. पण दोन गोष्टी. एक, त्यात बीफचे कच्चे काप वरून टाकतात, रश्श्याच्या उष्णतेनं शिजतील म्हणून. बीफ चालत नसेल तर आधीच सांगायचं, चिकनचा वेगळा मिळतो. दोन, बरोबर कच्च्या पालेभाजीची, मोडांची बशी येते. कुठल्या पाण्यात धुतली देव जाणे. खायचीच असेल तर रस्सा उकळता असतानाच आत बुडवायची.
बान्ह मी, म्हणजे पावातलं सँडविच. चव भारी, पण आत पाते (मांसाची मऊ पेस्ट) आणि कच्च्या अंड्याचं मेयोनीज असतं आणि ते उन्हात गाडीवर ठेवलेलं असतं. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या डोंग नाय प्रांतात एकाच दुकानाचं बान्ह मी खाऊन पाचशेहून जास्त लोक आजारी पडले होते. दादांनी फोटो काढावा आणि पुढं जावं.
हनोईची अंड्याची कॉफी: वरचा फेस कच्च्या बलकाचा. ग्रुपमधला प्रत्येक जण पितो, मीही पितो. ६७ वर्षांच्या शुगरवाल्या माणसाला मी देणार नाही.
बर्फ: मधे भोक असलेली नळीसारखी कांडी असेल तर तो साधारणपणे कारखान्यात शुद्ध पाण्याचा केलेला असतो. लादी फोडून केलेला चुरा असेल तर नको. ओळखता येत नसेल तर बर्फाशिवाय घ्या. शहाळं समोर फोडून घ्या, तिथं चांगलं मिळतं.
नळाचं पाणी पिऊ नये. दात घासायलाही बाटलीच. खोलीत किटली असते, पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की झालं. (उंचावर, म्हणजे २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. पेरूला जाणाऱ्यांसाठी लिहिलं, दा नांगला समुद्र आहे.)

फुलेवाडी
शाकाहारी लोकांनी काय करायचं? आमच्या घरी सगळे माळकरी आहेत.

छत्रीवाला
व्हिएतनाममध्ये पाटीवर 'चाय' लिहिलेली हॉटेलं शोधा, बौद्ध शाकाहारी असतात. थायलंडमध्ये पिवळ्या कापडावर लाल अक्षर असतं, ते 'जे' जेवण. तिथं कांदा-लसूणही नसतो, माळकऱ्यांना बरंच. बाकी ठिकाणी नुसतं 'व्हेज' सांगून उपयोग नाही. भाजी व्हेज असते पण माशाचा सॉस घातलेला असतो, आणि त्यांच्या हिशेबात तो मीठच. जपानात तसंच, सूपचा पाया माशाचा.

सायबर चौक
लई माहिती मिळाली. स्टेथो, लस आणि औषधांचं सांगाल का? आणि दादांच्या शुगरचं.

स्टेथो
इथं कुणाला डोस लिहून देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी दादांना बघून द्यायचं. निघायच्या निदान महिना-दीड महिना आधी जा. लसीला वेळ लागतो आणि आदल्या दिवशी आलं की डॉक्टरही काही करू शकत नाही.
लस: भारतातून व्हिएतनाम-कंबोडियाला जायला सक्तीची लस नाही. टायफॉइडची घेतलेली बरी, आपल्याकडची कॉन्जुगेट लस एकच इंजेक्शन असते. हिपॅटायटिस ए ची दोन, मधे सहा महिन्यांचं अंतर, पण पहिल्यानंही बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. गंमत म्हणजे दादांच्या पिढीतल्या बहुतेकांना हा आजार लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो. बाटलीच्या पाण्यावर वाढलेल्या नातवंडांना लसीची जास्त गरज. इचलकरंजीचा उल्लेख वर आला. तशी गढूळ पाण्याची मोठी साथ बहुधा हिपॅटायटिस ई ची असते, ती लस आपल्या दुकानात मिळत नाही आणि गरोदर बाईला तो आजार जिवावर बेततो. म्हणून पाण्याची काळजी लस घेऊनही सुटत नाही.
औषधं: सगळ्यात आधी ओआरएस. पाकिटावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेलं बघून घ्या. मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही. दुकानात गोड पेयाच्या डब्यांवर ओआरएस लिहून विकायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) आदेश काढून ते नाव वापरायला बंदी केली. तरी जुना माल दिसला तर घेऊ नका.
शुगर आहे म्हणून ओआरएस नको, असं बरेच जण म्हणतात. ते चूक. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असतं. कोलाच्या लिटरमध्ये साखर शंभर ग्रॅमच्या वर. जुलाब लागले की कोला पाजणारे मात्र खूप. ती जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त होऊ देऊ नका.
जुलाब थांबवायची गोळी (लोपेरामाइड) बसचा लांब प्रवास असेल तर ठीक, पण शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर अजिबात नाही. अँटिबायोटिक दोन जुलाबांना नको. लोक नॉरफ्लॉक्स, सिप्रो खिशात घेऊन फिरतात. आग्नेय आशियातले बरेच जंतू त्या गटाला आता दाद देत नाहीत. कुठली न्यायची आणि कधी सुरू करायची ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.
आता दादांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. उलट्या-जुलाब सुरू असताना शुगरच्या आणि बीपीच्या काही गोळ्या घेतल्या तर किडनीला त्रास होऊ शकतो. मेटफॉर्मिन, ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या, लघवी वाढवणारी बीपीची गोळी, आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टन सारख्या. "आजारी पडलो तर यातली कुठली थांबवायची आणि कधी परत सुरू करायची?" हा प्रश्न विचारून उत्तर एका कागदावर लिहून आईंकडं द्या. दादांकडं नाही.
इन्शुलिन असेल तर हातातल्या बॅगेत. खालच्या सामानात गोठलं तर वाया. सगळ्या गोळ्या मूळ पट्टीतच, डबीत सोडून नाही, आणि प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव.
तिथं दवाखान्यात कधी जायचं: रक्त पडलं, अंगात चांगला ताप भरला, पाणी पोटात टिकत नाही, सहा-आठ तास लघवीच झाली नाही, किंवा माणूस गुंगीत बोलायला लागला. तेव्हा "उद्या बघू" नाही. इन्शुरन्सचा नंबर आईंच्या फोनमध्येही ठेवा.

मंगळवार पेठ
डॉक्टर, हातावर सॅनिटायझर चोळला की झालं ना?

स्टेथो
बोटीवरच्या उलट्या-जुलाबांमागं बहुतेक वेळा नोरोव्हायरस असतो. तो सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद. आपण हातानं जेवणारी माणसं, त्यामुळं आपल्याला हे जास्त लागू. कागदी साबणाची डबी खिशात ठेवा, कुठल्याही दुकानात मिळते.

जर्मनीतली माहेरवाशीण
आमच्याकडं नळाचं पाणी बिनधास्त प्या, विकत घेऊ नका. युरोपात येणाऱ्यांची भीती उगाच असते, पण एक सांगते. इथं 'मेट' म्हणून डुकराचं कच्चं मांस पावावर लावून खातात. ग्रुपमधल्या कुणाला ते चीज स्प्रेड वाटू शकतं.
आणि मोडांचं. २०११ मध्ये इथं ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली. शोधत शोधत गेले तर मूळ निघालं मेथीच्या मोडांत, बी इजिप्तहून आलेलं. आपण मिसळीची मटकी उकळून खातो ते शहाणपणाचं. सॅलडमधले कच्चे मोड मी तेव्हापासून बाजूला काढते.
(दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत. आईनं दिलेला खवा माझा गेलाय, तुमचा वाचवा.)

दुबईवाला कोल्हापूरकर
धाग्यात चटणीचा विषय निघाला म्हणून लिहितोय, कृपया सगळ्यांनी वाचा.
आपल्या कांदा-लसूण चटणीत बऱ्याच घरांत खसखस घालतात. यूएईमध्ये खसखस बेकायदा आहे, अमली पदार्थाच्या कायद्याखाली येते. सिंगापुरातही नेता येत नाही. पांढऱ्या रश्श्याचा तयार मसाला आणताय? त्यात तर हमखास असते. आईनं प्रेमानं बांधून दिलेली पुडी विमानतळावर समजावून सांगता येत नाही. दुबईमार्गे पुढं जाणाऱ्यांनी पण बॅगेतनं काढून ठेवा.
औषधांचंही तसंच. ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, इथं आणायला आधी ऑनलाइन परवानगी लागते. गुडघेदुखीवाल्या आयांनी आपल्या गोळीच्या पट्टीमागं काय लिहिलंय ते बघून घ्या.

सायबर चौक
अरे बापरे. आईच्या चटणीत खसखस आहे. विमान सिंगापूरमार्गेच आहे.

आठवी गल्ली
मग त्यातली नका देऊ. खसखस न घालता पावशेर नवीन करा, तीळ जरा वाढवायचे, फरक कळत नाही. आणि दोन किलो कशाला? सगळ्या ग्रुपला वाटणार आहेत काय?
सुकं खोबरंही सामानात टाकू नका. त्यात तेल असतं म्हणून ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात, विमानात अडवतात. चटणीत कुटून गेलेलं वेगळं, वाटीचं नको.

सायबर चौक
ताई, वाटणारच आहे ती. ग्रुपमधल्या बायकांनी आधीच सांगून ठेवलंय.

नैरोबीला निघालेला
धाग्यात घुसतो. कंपनीच्या कामासाठी केनियाला जायचंय. पिवळ्या तापाची लस म्हणतात ती नक्की कशी असते? ओळखीतला एकजण म्हणतो विमानतळावर पैसे देऊन कार्ड मिळतं.

स्टेथो
ओळखीतल्याला नमस्कार सांगा आणि त्याचं ऐकू नका.
यलो फीव्हरची लस केंद्र सरकारनं ठरवलेल्या केंद्रांतच मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं. एकदाच घ्यायची. ११ जुलै २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पूर्वीसारखं दहा वर्षांनी परत घ्यावं लागत नाही. पण लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. आदल्या आठवड्यात घेऊन चालत नाही.
आणि कार्ड फक्त तिकडं जाताना बघतात असं नाही. आपल्याकडं तो डास आहे पण तो आजार नाही, म्हणून भारत सरकार परत येणाऱ्याला फार कडक बघतं. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.
जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, यातलं काही असेल तर आधी सांगायचं. केनियात मलेरियाही आहे. त्याची गोळी कुठल्या भागात जाताय त्यावर ठरते. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी आफ्रिकेत होतो" हे.

शिरोली नाका
उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी: मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लस सौदीत पोचायच्या किमान दहा दिवस आधी लागते. अब्बांना घेऊन गेलो तेव्हा तारखेवरून धावपळ झाली होती. उन्हात त्यांना पाण्यापेक्षा जास्त ताकाची सवय, तिथं लबान मिळतं बाटलीत, तेवढ्यावर निभावलं.

नाद_खुळा
खाण्याचं झालं, पिण्याचं कुणीच बोलंना. 🙈

छत्रीवाला
बोलतो, विषय गमतीचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमध्ये वांग व्हिएंगला सहा परदेशी पर्यटक मेले. दारूत मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल होतं. चवीनं कळत नाही. बालीतही असे प्रकार झालेत. फुकट मिळणारे शॉट, बादलीतलं कॉकटेल, गावठी दारू, हे सगळं लांबूनच. प्यायचीच असेल तर समोर उघडलेली बिअर. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढं पांढरं दिसायला लागलं तर हँगओव्हर समजून झोपायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सायबर चौक
सगळ्यांचे आभार. दादांना स्टेथोंचा ॲसिडिटीच्या गोळीचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. गप्प बसले, मग म्हणाले "हा डॉक्टर कुठल्या पेठेतला?" सोमवारी आमच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आई खसखशीशिवाय चटणी करायला तयार आहे, पण तिला वाटतं चव बिघडणार.

तांबडा_पांढरा
शेवटचा प्रश्न, वेगळा धागा नको म्हणून इथंच. पोराला भेटायला मेलबर्नला जातोय. जयसिंगपूरचं भडंग आणि लोणचं नेता येतं का?

दुबईवाला कोल्हापूरकर
माझा भाऊ तिथं आहे. विमानात एक कार्ड देतात. त्यात खाण्याचं काही आहे का विचारतात. भडंग असो, लोणचं असो, साधी चहापूड असो, 'हो' वर खूण करायची. बघतात, बहुतेक वेळा सोडतात, नाहीतर काढून घेतात. 'नाही' लिहिलं आणि बॅगेत सापडलं तर जबर दंड आहे, तिथं रडून भागत नाही. लोणचं चेक-इनच्या बॅगेतच, हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वर पातळ काही चालत नाही आणि आपल्या लोणच्यात तेल किती असतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन पिशव्यांत बांधा, कपड्यांपासून लांब.